माळ्यावरची कॅसेट आणि सेलमधला कन्सोल

दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर दोन गोष्टी एकदमच होतात, घरात माळा साफ करायला काढतात आणि फोनवर सेलच्या जाहिराती सुरू होतात. त्यामुळं यावेळी आलेल्या पत्रांत निम्म्या लोकांना तीस वर्षांपूर्वीचा व्हिडिओ गेम सापडलाय, उरलेल्यांना नवीन घ्यायचाय, आणि काही महाभाग असे की त्यांना दोन्ही एकाच संध्याकाळी पाहिजे. मी स्वतः त्याच महाभागांच्या पंथातला, तेव्हा उत्तरं निष्पक्ष असतील अशी अपेक्षा ठेवू नका. पत्रं बरीच आहेत, सुरू करतो.

प्रश्न : माळ्यावर आमचा जुना व्हिडिओ गेम सापडला. पांढरा होता तो आता पिवळा पडलाय. दोन रिमोट, एक गन आणि '९९९९९९ इन वन' लिहिलेली कॅसेट. नवीन ४३ इंची टीव्हीला लावला तर चालू झाला हो, पण चित्र पुसट येतं, मारिओ बटण दाबल्यावर उशिरा उडी मारतो आणि थेट खड्ड्यात, आणि बदकांच्या गेममध्ये गन अजिबातच लागत नाही. मुलं हसतात. गन बिघडलीय का माझाच हात गेलाय? वय ४४.
— खड्ड्यातला मारिओ, नाशिक

उत्तर : हात ठीक आहे तुमचा. दोष टीव्हीचा आहे, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, कारण सांगतो.

आधी तुमच्याकडं काय आहे ते बघू. निन्टेंडोनं जपानमध्ये १९८३ साली फॅमिकॉम नावाचं मशीन काढलं, तेच पुढं अमेरिकेत एनईएस म्हणून गेलं. नव्वदीत आपल्याकडं मीडिया, लिटल मास्टर असल्या नावांनी जे डबे गल्लोगल्ली आले ते जवळजवळ सगळे याच फॅमिकॉमच्या नकला, पुढं पुढं तर अख्खं सर्किट एकाच चिपमध्ये आणि त्यावर काळा थेंब ओतलेला. ९९९९९९ गेम ही अर्थातच थाप, आत असायचे पंधरा-वीस, बाकी तेच गेम दुसऱ्या नावानं नाहीतर मधल्याच स्टेजपासून सुरू होणारे. पण ते पंधरा-वीस काय होते राव! मारिओ, कॉन्ट्रा, सर्कस, बदकं आणि तो टँकचा गेम, ज्यात दोघं मिळून आपला गरुड वाचवायचा असतो आणि पहिल्या दोन मिनिटांत जोडीदारच चुकून गरुडावर गोळी घालतो. अख्खा पहिला सुपर मारिओ ४० किलोबाइटचा आहे. सकाळी सकाळी ग्रुपवर येणारा गुलाबाचा फोटोसुद्धा त्याच्यापेक्षा जड असतो.

आता उडी. जुन्या डब्बा टीव्हीत सिग्नल आला की तो तसाच, एकेक ओळ करत, काचेवर उमटायचा. मध्ये विचार करणारं कोणी नव्हतंच. नवीन टीव्ही आधी पूर्ण चित्र साठवून घेतो, मग ती २४० ओळींची बिचारी फ्रेम ताणून मोठी करतो, कडा सुधारतो, रंग सुधारतो, हालचाल गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. या सगळ्या सुधारणेत सेकंदाचा दहावा भाग सहज जातो. हे मशीन सेकंदाला ५० नाहीतर ६० फ्रेम काढतं, म्हणजे एक फ्रेम साधारण १७ ते २० मिलिसेकंदाची. म्हणजे पडद्यावर खड्डा तुम्हाला दिसतो तेव्हा मशीनच्या हिशोबानं मारिओ पाच फ्रेम पुढं गेलेला असतो. तुमची बोटं बरोबर वेळेवरच दाबतायत, त्यांना लहानपणीचं टायमिंग पाठ आहे म्हणूनच तर चुकतंय. मुलांना काही पाठ नाही म्हणून ती जुळवून घेतात.

गनचं तर याहून भारी आहे. आपल्याला वाटायचं गनमधून काहीतरी किरण निघतो. निघत काहीच नाही, गन फक्त बघते. ट्रिगर दाबला की क्षणभर पडदा पूर्ण काळा होतो आणि पुढच्याच फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. गनच्या नळीत प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो, त्याला आधी अंधार आणि मग लगेच उजेड दिसला तर बदक पडलं. दोन बदकं असतील तर चौकोन पाठोपाठच्या फ्रेमला येतात, उजेड कितव्या फ्रेमला दिसला त्यावरून कुठलं बदक ते कळतं. आधीचा अंधार कशासाठी, तर बल्बकडं गन रोखून कोणी चीटिंग करू नये म्हणून (नकली गनवर हे नियम सैल असायचे, आमच्या चाळीत ट्यूबलाइटवर बदकं पडायची). आता हा सगळा खेळ एकेका फ्रेमच्या हिशोबावर चाललेला, आणि तुमचा टीव्ही पाच फ्रेम उशिरा चौकोन दाखवतो. गन बघते तेव्हा चौकोन आलेलाच नसतो. ती शाबूत आहे, बदकं मात्र या टीव्हीवर कधीच पडणार नाहीत.

करायचं काय? टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड शोधून चालू करा, सुधारणांचा बराच पसारा बंद होतो, मारिओपुरता फरक लगेच जाणवेल. एव्हीचं एचडीएमआय करणारी स्वस्त डबी मिळते ती शक्यतो टाळा, ती स्वतःचा उशीर वर घालते. आणि गन चालवायचीच असेल तर डब्बा टीव्ही पाहिजे, त्याला पर्याय नाही. नातेवाइकांत विचारा, भंगारवाल्याला सांगून ठेवा, १४ इंची पुरतो. फक्त त्याचं मागचं झाकण उघडायचं नाही, प्लग काढल्यावरही आत जीवघेणा व्होल्टेज शिल्लक राहतो.

अजून दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत तरी सांगतो. एक, अ‍ॅडॉप्टर. मूळ फॅमिकॉमच्या पिनेत मधलं टोक निगेटिव्ह असतं आणि घरात पडलेले राउटरचे वगैरे अ‍ॅडॉप्टर सहसा उलटे, तेव्हा डब्याखाली छापलेलं चिन्ह आणि व्होल्ट बघितल्याशिवाय काहीही खुपसू नका. दुसरं, कॅसेटमध्ये फुंकर मारणं. फुंकर मारून गेम चालू व्हायचा तो फुंकरीमुळं नाही, कॅसेट काढून परत नीट बसवल्यामुळं, उलट थुंकीच्या ओलाव्यानं पट्ट्या गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालायची कापसाची काडी, बस. पिवळेपणा राहू द्या, त्या प्लास्टिकमध्ये आग लागू नये म्हणून ब्रोमीनवालं केमिकल असतं, उन्हानं आणि वयानं ते पिवळं पडतं, चालण्यावर त्याचा काही परिणाम नाही.

प्रश्न : कॉन्ट्राचा ३० लाइफचा कोड खरा आहे का गल्लीतली अफवा? आमच्याकडं एकालाच येत होता आणि तो टाकताना आम्हाला तोंड फिरवायला लावायचा.
— तोंड फिरवून कंटाळलेला, नागपूर

उत्तर : एकदम खरा. गेमच्या नावाच्या पहिल्या स्क्रीनवर वर वर खाली खाली डावी उजवी डावी उजवी बी ए आणि मग स्टार्ट. दोघं खेळणार असाल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. हा कोड कॉन्ट्राच्याही आधीचा आहे, कोनामी कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांनी तो ग्रॅडियस या गेमच्या १९८६ च्या व्हर्जनमध्ये पहिल्यांदा घातला, कारण स्वतः तपासायला बसले की त्यांना तो गेम पूर्णच होईना. म्हणजे बघा, बनवणारा माणूससुद्धा चीटिंग करत होता, आपण कशाला लाजायचं. तुमच्या त्या मित्राला हे पान पाठवा.

प्रश्न : मी सातवीत आहे. बाबा म्हणतात तुमचे गेम सोपे असतात, आमच्या वेळी सेव्ह पण नव्हतं, मी मारिओ पूर्ण केला होता. मी त्यांचा मारिओ खेळलो, तिसऱ्या वर्ल्डच्या पुढं जाताच येत नाही. जुने गेम खरंच अवघड होते का बाबा फेकतायत?
— नाव छापू नका, लातूर

उत्तर : नाव छापलं नाही बघ. दोन्ही खरंय, गेम अवघड होते आणि बाबा थोडं फेकतायत.

अवघड का होते तर त्या काळचे बरेच गेम आर्केडवरून आलेले, म्हणजे नाणं टाकून खेळायची मोठी मशीनं, तिथं तू लवकर मेलास तरच दुकानदाराला दुसरं नाणं मिळणार. ती सवय घरच्या मशीनमध्येही आली. शिवाय ४० किलोबाइटमध्ये गेम तरी किती मोठा बसवणार? म्हणून तो अवघड करायचा, म्हणजे महिनाभर पुरतो. जागा वाचवायला त्यांनी काय काय केलंय बघायचंय? मारिओमधला ढग आणि खालचं झुडूप नीट बघ, एकच चित्र आहे, ढग पांढरा केलाय आणि झुडूप हिरवं. जपानमध्ये १९८६ ला याचा दुसरा भाग आला तो इतका छळवादी होता की अमेरिकेत नकोच म्हणाले, तिकडं दुसराच एक गेम मारिओची पात्रं घालून भाग दोन म्हणून विकला.

आता बाबांची बाजू. त्यांना हळूच विचार की तुम्ही आठही वर्ल्ड एकामागून एक खेळलात का पाइपमधून गेलात? पहिल्या वर्ल्डच्या दुसऱ्या स्टेजला शेवटी छतावरून पळत गेलं की पुढं तीन पाइप लागतात, त्यातून थेट चौथ्या वर्ल्डला. आणि ४-२ मध्ये एका लपलेल्या विटेतून वेल निघते, ती चढून गेलं की थेट आठव्याला. म्हणजे मधली निम्म्याहून जास्त वर्ल्ड पाहिलीच नाहीत तरी राजकन्या मिळते. सेव्ह नव्हतं पण गेम ओव्हर झाल्यावर ए दाबून धरून स्टार्ट केलं की त्याच वर्ल्डच्या सुरुवातीपासून चालू व्हायचं, हे बाबांना माहीत नसेल तर तू सांग, तेवढीच तुझी कॉलर ताठ. आणि नवीन गेम सोपे म्हणत असतील तर त्यांच्या हातात २०१९ चा सेकिरो दे आणि पहिल्याच मोठ्या बॉसशी खेळायला सांग. मग शांतपणे बाजूला बस.

प्रश्न : वय ३८, आयटी, घरी अडीच वर्षांची मुलगी. टीव्हीवर खेळायला मिळत नाही, रात्री साडेदहानंतर अर्धा तास मिळाला तर नशीब. हातात धरून खेळायचं काहीतरी घ्यायचंय. स्विच २, स्टीम डेक, का ते छोटे चायनीज रेट्रो? स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) तीनशे गेम आधीच घेऊन ठेवलेत, त्यातले दहाही पूर्ण नाहीत. गेमबॉयपासूनचा शौक आहे त्यामुळं मन सगळीकडं धावतंय.
— बॅकलॉगवाला, पुणे

उत्तर : तीनशे गेम घेऊन ठेवलेला माणूस अजून कुठल्या नव्या मशीनसाठी नवे गेम घेणार? तुमचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. निन्टेंडोचा स्विच २ चांगलाच आहे, जून २०२५ ला आला, ७.९ इंची स्क्रीन, १२० हर्ट्झ, पण त्याच्यासाठी सगळे गेम नव्यानं आणि महाग घ्यावे लागतील. तुम्हाला स्टीमची लायब्ररी चालवणारं मशीन पाहिजे. स्टीम डेक (२०२२ चं, पुढं ओएलईडी स्क्रीनवालं पण आलं) त्यासाठीच बनलंय आणि त्याची सगळ्यात मोठी गंमत ग्राफिक्स नाही, झोप आहे. खेळता खेळता बाळ उठलं की वरचं बटण दाबायचं, परत दाबलं की त्याच उडीत मारिओ... म्हणजे जो कोण असेल तो. बाप लोकांसाठी यापेक्षा मोठा शोध नाही. पण भारतात ते अधिकृत विकलं जात नाही, लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन मिळतं ते बाहेरून आणलेलं, त्यामुळं बिघडलं तर कंपनीकडं जायची सोय नाही, हे मान्य असेल तरच. वॉरंटी पाहिजे असेल तर असूसचं आरओजी अ‍ॅलाय इथं रीतसर मिळतं, विंडोजवर चालतं, स्टीम त्यावरही चालणारच, फक्त झोपवण्या-उठवण्यात विंडोज जरा नखरे करतं.

आता त्या छोट्या चायनीज हॅंडहेल्डबद्दल, कारण खरं मन तिकडंच धावतंय हे मला पत्रावरून कळतंय. अ‍ॅनबर्निक, मियू मिनी वगैरे. खिशात मावतात, गेमबॉयपासून पहिल्या प्लेस्टेशनपर्यंत सगळं आरामात चालवतात, आणि किमतीत स्टीम डेकच्या जवळपासही नाहीत. सोबत हजारो गेम भरलेलं कार्ड देतात, ते कार्ड अगदी हलक्या दर्जाचं असतं आणि अचानक मरतं, त्यामुळं पहिलं काम म्हणजे चांगल्या कंपनीचं कार्ड घालणं. आणि त्या भरलेल्या गेम्सचे हक्क त्या दुकानदाराकडं नसतात हेही माहीत असू द्या. इम्युलेटर हा जुन्या मशीनची नक्कल करणारा नुसता प्रोग्रॅम आहे, त्यात गैर काही नाही, दुसऱ्याचे गेम फुकट वाटणं हे मात्र कॉपीराइटचं उल्लंघनच.

मला विचाराल तर या छोट्या डब्यांवर माझा जीव आहे आणि त्याचं कारण वरच्या नाशिकच्या पत्रात आहे. मोठ्या टीव्हीनं जे बिघडवलं ते यांनी बरंच दुरुस्त केलं. स्क्रीन छोटी आणि थेट बोर्डाला जोडलेली, मध्ये सुधारणा करणारं कोणी नाही, बटण आणि उडी परत एकमेकांजवळ आली. इम्युलेटरमध्ये तर हल्ली रन-अहेड नावाची सोय असते, मशीन एक-दोन फ्रेम आधीच पुढचं गणित करून ठेवतं आणि खेळाच्या आतलाच उशीर कापतं. १९८५ चा गेम बिनउशीर खेळायला २०२० नंतरचं मशीन लागावं, याची मला कायम गंमत वाटते, म्हणून जुन्याचे भक्त आणि नव्याचे भक्त असे गट पडले की मी कुठल्याच गटात बसत नाही.

थोडक्यात, बजेट असेल तर डेक किंवा अ‍ॅलाय, नसेल तर छोटा डबा, दोन्ही नको. आणि लायब्ररीत 'राजी' नसेल तर घ्या, तुमच्याच पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनी बनवलेला, २०२० ला आला, पहाडी चित्रशैलीतला. तासाच्या तासात... बरं, तुमच्या हिशोबानं आठवड्याभरात पूर्ण होईल, मोठा नाहीये. म्हणजे दहाचे अकरा होतील.

प्रश्न : आमच्या ह्यांना गॅजेटचं वेड. घरात सात कंट्रोलर आहेत आणि खेळणारे दोघं. विचारलं की सांगतात जुन्याची काडी आपोआप सरकते. नवीन काही आलं की बॉक्स उघडताना व्हिडिओ काढतात, पंधरा दिवसांनी ते कपाटात. कपाट उघडलं की वायरी अंगावर येतात. काही जुनं टाकू म्हटलं की 'आठवण आहे' म्हणतात. काय करू?
— वायरींनी त्रस्त, सांगली

उत्तर : ताई, काडीचं मात्र ते खोटं बोलत नाहीयेत. कंट्रोलरच्या काडीखाली, म्हणजे अंगठ्यानं फिरवायच्या दांडीखाली, कार्बनची पट्टी असते, त्यावर एक छोटा हात घासत फिरतो आणि त्यावरून मशीनला दिशा कळते. पट्टी झिजली की कोणी हात न लावताही गेममधला माणूस स्वतःच भिंतीकडं चालायला लागतो. महागड्या कंट्रोलरमध्येही हे होतं. उपाय म्हणजे पुढचा कंट्रोलर हॉल इफेक्ट काडीचा घ्यायला लावा, त्यात चुंबकानं दिशा ओळखतात, घासणं नाही म्हणून झिजणं नाही. म्हणजे आठवा कंट्रोलर शेवटचा. निदान हे कारण तरी संपेल, दुसरं ते शोधतीलच.

कपाटाबद्दल मात्र मी तुमच्या बाजूनं. आठवण वगैरे ठीक आहे पण जुन्या मशीनमधल्या लिथियम बॅटऱ्या वर्षानुवर्षं पडून फुगतात, जुन्या पीएसपीच्या (सोनीचं हातात धरायचं मशीन) बॅटऱ्या तर त्यासाठी बदनामच आहेत. तेव्हा एका रविवारी ह्यांना कपाटासमोर बसवा. जिची पाठ फुगलीय ती बॅटरी चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची तर मुळीच नाही, आणि घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडं द्यायची. चांगल्या आहेत त्या अर्ध्या चार्ज करून ठेवायच्या, पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकाम्या नाहीत, आणि चार-सहा महिन्यांनी परत बघायच्या. पेन्सिल सेलवाली खेळणी असतील तर सेल बाहेर काढायचे, गळले की स्प्रिंग खाऊन टाकतात. हे सगळं करताना त्यांनी स्वतःच दोन-तीन गोष्टी बाजूला काढल्या नाहीत तर मला परत लिहा. आणि विकायचं ठरलं तर मूळ बॉक्स असलेल्या वस्तूला सेकंडहँडमध्ये चांगला भाव येतो, तेव्हा रिकामे बॉक्स रागाच्या भरात फेकू नका. फेकलेत का? असो.

प्रश्न : कॉलेजच्या काळातल्या सीडी जपून ठेवल्यात, आयजीआय, रोड रॅश, एज ऑफ एम्पायर्स, आणि मित्रानं बर्न करून दिलेल्या डॉस गेमच्या दोन. नवीन लॅपटॉपला ड्राइव्हच नाही. भावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर घातल्या तर काही इन्स्टॉलच होत नाहीत. काही आशा?
— सायबर कॅफेचा माजी पडीक, रत्नागिरी

उत्तर : आशा आहे पण घाई करा. यूएसबीचा बाहेरून लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो, तो आणा आणि खेळायच्या आधी सगळ्या सीडींची इमेज फाइल, म्हणजे हुबेहूब प्रत, करून ठेवा. छापील सीडी टिकतात, पण बर्न केलेल्या सीडीत रंगाचा थर असतो तो उतरत जातो, आणि कोकणातल्या दमट हवेत मी त्यांच्या भरवशावर राहणार नाही. मित्राच्या दोन आधी करा.

इन्स्टॉल का होत नाही त्याची कारणं वेगवेगळी. त्या काळच्या बऱ्याच गेमचं इन्स्टॉलर १६ बिटचं असायचं आणि ६४ बिट विंडोज ते चालवतच नाही, गेम स्वतः ३२ बिटचा असला तरी दारातच अडतो. दुसरं, काही सीडींवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं आणि विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टनं त्याचा आधारच काढून टाकला, त्यामुळं ओरिजिनल सीडी असूनही मशीन म्हणतं सीडी घाला. यावर सरळ उपाय म्हणजे कॉम्प्युटरच्या आत आभासी कॉम्प्युटर करून त्यात जुनं विंडोज घालणं. डॉसवाल्यांसाठी (डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची सिस्टीम) डॉसबॉक्स नावाचा प्रोग्रॅम आहे, फुकट आहे आणि उत्तम चालतो. एज ऑफ एम्पायर्स तर २०१८ पासून नव्या रूपात मिळतो, त्याच्यासाठी एवढी झटापट करू नका. पण रोड रॅशसाठी करा, साखळी हिसकावून त्याच माणसाला हाणायचं सुख दुसऱ्या कुठल्या रेसिंग गेमनं मला तरी दिलं नाही.

आणि माळे साफ करणाऱ्या सगळ्यांसाठीच एक किस्सा. प्रिन्स ऑफ पर्शिया १९८९ चा. बनवणारे जॉर्डन मेक्नर, त्यांच्याकडून मूळ कोड हरवला होता. २०१२ ला त्यांच्या वडिलांना कपाटात मागं पडलेल्या खोक्यात जुन्या फ्लॉप्या सापडल्या, जाणकार मंडळी बोलावून त्या वाचल्या आणि कोड नेटवर सगळ्यांसाठी खुला केला. तेव्हा सांगलीच्या ताईंना मी वर जे सांगितलं ते बॅटऱ्यांपुरतं, फ्लॉप्या आणि सीडी फेकायच्या नाहीत.

प्रश्न : पीएस५ घेतोय. डिस्कवाला का डिजिटल? दुकानदार म्हणतो डिस्क कोण घेतं आता.
— दादरकर

उत्तर : डिस्कवाला. आपल्याकडं फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा दोन्हींत दहा हजारांचा फरक होता, ४९,९९० आणि ३९,९९०. तो फरक डिस्कवाला थोड्याच गेममध्ये भरून काढतो, कारण खेळून झालेली डिस्क विकता येते, मित्राशी बदलता येते. कॅसेट बदलून खेळायची सवय असलेल्या आपल्या पिढीला हे समजावून सांगायला नको.

पण डिस्क म्हणजे कायमचा मालक असंही समजू नका. द क्रू नावाचा रेसिंग गेम होता, २०१४ चा, सतत ऑनलाइन लागणारा. ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्ट कंपनीनं सर्व्हर बंद केले, त्या दिवसापासून ज्यांच्याकडं डिस्क होती त्यांच्याकडं नुसती थाळी उरली. त्याच्या आदल्या वर्षी निन्टेंडोनं ३डीएस आणि वी यू या दोन मशीनची ऑनलाइन दुकानं बंद केली, तिथंच मिळणारे कितीतरी गेम आता विकत घ्यायची सोयच नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं २०२३ ला मोजदाद केली तर तिथले जुने ८७ टक्के गेम आज बाजारात रीतसर मिळत नाहीत असं निघालं. म्हणून माझा साधा नियम, एकट्यानं खेळायचा गोष्टीवाला गेम डिस्कवर, पीसीवर घ्यायचा तर जीओजीसारख्या ऑनलाइन दुकानात जिथं इन्स्टॉलर स्वतःच्या हार्डडिस्कवर उतरवून घेता येतो, आणि ऑनलाइन मारामारीचे गेम डिजिटल, ते तसेही एक दिवस बंदच होणार.

प्रश्न : मी ६८ वर्षांची. टॅबवर गोळ्या जुळवायचे गेम खूप खेळले, आता कंटाळा आला. नातवाकडं स्विच आहे, त्यात गाड्यांची शर्यत आहे. मला खेळायचंय पण त्या रिमोटवर किती बटणं! मी खेळले की गाडी पाण्यात जाते, नातू म्हणतो आजी तू फक्त बघ. मला बघायचं नाहीये.
— आजी, मिरज

उत्तर : आजी, या महिन्यातलं सगळ्यात आवडलेलं पत्र तुमचं. बघत बसू नका अजिबात.

बटणं जास्त आहेत हे खरं, आमच्या वेळच्या रिमोटला दिशा सोडून खेळायची दोनच होती. म्हणून सवय करायला आधी टेट्रिस खेळा, रशियात अ‍ॅलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ ला बनवलेला विटांचा गेम, तुम्हाला जुळवाजुळवीची सवय आहेच, फक्त बोटांना बटणं कळली पाहिजेत. त्यात वरच्या लेव्हलचं टेन्शन घेऊ नका, निन्टेंडोवरचा टेट्रिस शेवटपर्यंत नेऊन मशीनच बंद पाडायला डिसेंबर २०२३ उजाडलं आणि ते केलं अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या पोरानं.

मग गाड्या. नातवाकडं मारिओ कार्ट ८ डिलक्स असेल तर गाडी निवडायच्या स्क्रीनवर प्लसचं बटण दाबा. तिथं दोन सोयी आहेत. स्मार्ट स्टीअरिंग चालू केलं की गाडी कडेला गेली तर आपोआप आत वळते, पाण्यात पडत नाही. दुसरी सोय चालू केली की गाडी स्वतःच पळत राहते, एक बटण कमी. राहिलं काय, तर वळायचं आणि हातात आलेलं कासव पुढच्यावर फेकायचं, आणि तेवढीच तर मजा आहे. एवढं लक्षात ठेवा की स्मार्ट स्टीअरिंग चालू असलं की गाडीच्या मागं छोटी अँटेना दिसते, नातू चौकस असेल तर ओळखेल. त्यानं विचारलं तर सांगा, गाडीत रेडिओ आहे.